आक्काचं सासर रस्त्यापलीकडं

रस्त्याच्या कामाला नारळ फोडणारे मी पुष्कळ पाहिलेत. पुढारी फोडतात, ठेकेदार फोडतात, आणि पहिल्या फटक्यात फुटला नाही की ड्रायव्हरच्या हातात देऊन फोटोपुरतं हसतात. पण रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या घेऊन रस्त्याची दृष्ट काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे आप्पा.

आमचे म्हणजे माझे घरमालक. कोल्हापूर-सांगली रस्ता चौपदरी होत होता आणि हातकणंगल्याच्या पुढचा एक तुकडा इंजिनिअर म्हणून माझ्याकडे होता. मी मूळची नगरकडची. कोल्हापुरातून रोज ये-जा करून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा साइटजवळ खोली शोधायला लागले. कुणीतरी म्हणालं, रस्त्याला लागूनच आप्पांचं घर आहे, माडी रिकामी आहे. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. सांगितलं तर आप्पा हे कुणाकडून तरी वाचून घेतील आणि मला फोन करतील, आणि आप्पांचा फोन म्हणजे कानापासून हातभर लांब धरून ऐकायची गोष्ट.

पहिल्यांदा गेले तेव्हा ते दारासमोर लोखंडी खुर्ची टाकून रस्त्याकडं तोंड करून बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्याला पांढरी टोपी, अंगात बंडी. मी म्हटलं, "खोली भाड्यानं द्यायची आहे म्हणे?"

"पावणं, जरा दमा," आप्पा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "ही गाडी जाऊ द्या."

मोठ्या ट्रेलरवर एक नवंकोरं पोकलेन चाललं होतं. आप्पा खुर्चीतून उठले आणि ते दिसेनासं होईपर्यंत हात जोडून उभे राहिले. मग माझ्याकडं वळले. "हां. काय म्हणत हुतासा?"

खोली मिळाली, पण एका अटीवर. रोज सकाळी कामावर जाण्याआधी आज रस्त्यावर काय काय होणार, हे आप्पांना सांगून जायचं. मी दोन वर्षं ते इमानेइतबारे केलं. एखाद्या दिवशी घाईत विसरले तर आप्पा थेट साइटवर माणूस धाडायचे. "आज खडी हाय का डांबर, तेवढं सांगा म्हणालाय आप्पा." डोक्यावर हेल्मेट, हातात नकाशे, समोर चार माणसं उभी, आणि मी आपली निरोप देतेय, खडी आहे म्हणून सांगा!

मला ते शेवटपर्यंत 'पावणं'च म्हणाले. मी एकदा कुरकुरले, "आप्पा, मी भाडेकरू आहे, पाहुणी नाही."

"मग काय ए भाडेकरू, जेवलासा काय, अशी हाक मारू व्हय? बरं दिसतंय ते?"



रस्त्यावर जे यंत्र आलं त्याला आप्पांनी नाव दिलं. रोलर म्हणजे म्हस. पाणी मारणारा टँकर म्हणजे पुजारी, कारण तो तीर्थ शिंपडत येतो. डांबर पसरणारं मोठं यंत्र म्हणजे थोरली सूनबाई. "का हो?" "येतीया हळूच, पन आली की सगळं घर तिचंच." आमच्या मजुरांनीही ही नावं उचलली. एकदा कोल्हापूरच्या ऑफिसातून फोनवर विचारलं, पेव्हर कुठवर आला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सूनबाई पुलापाशी आहे." पलीकडून विचारणा झाली, "कुणाची?"

सल्ले तर विचारू नका. आप्पांचे सल्ले रोजचे आणि बहुतेक सगळे चुकीचे. खडी धुऊन घ्या. डांबर पसरल्यावर रस्त्याला एक महिना इसावा द्या, बाळंतिणीला देत्यात तसा. पण सगळ्यांत मोठा सल्ला गुळाचा. "गड-किल्लं एवढी वर्सं उभं हायीत, कशावर? चुन्यात गूळ घालत हुती मागची मानसं. तुमीबी घाला की. कोल्हापुरात ऱ्हाऊन गूळ न्हाय म्हणजे काय!" असं म्हणून त्यांनी गुळाची एक आख्खी ढेप माझ्या जिन्याखाली आणून ठेवली. मी समजावून सांगितलं की आप्पा, ते चुन्याचं झालं. आजच्या काँक्रीटमध्ये गूळ किंवा साखर पडली तर ते घट्टच होत नाही. आप्पांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मग तुमचं शिमिटच खोटं."

आणि नशीब बघा. पुढच्याच आठवड्यात काँक्रीट घेऊन येणारी गाडी बरोबर आप्पांच्या दारात बंद पडली. पोटातला ड्रम फिरायचा थांबला. वर ऊन असं, की थोड्या वेळात सगळा माल आतल्या आत दगड होणार आणि ड्रम भंगारात जाणार. अशा वेळी एकच उपाय, आत साखर टाकायची. मी धावत घरात. "आप्पा, ढेप! ढेप द्या!" आम्ही कुऱ्हाडीनं ढेप फोडली, पाण्यात कालवली, बादल्या भरभरून ड्रममध्ये ओतली. ड्रम वाचला. माल अर्थातच फेकून दिला. पण तेव्हापासून आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "ह्यो रस्ता आमच्या गुळावर उभा हाय."

"आप्पा, तो माल फेकून दिला आपण!"

"फेकला असंना. गूळ लागला का न्हाय?"

अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा दगडाला पाझर फोडणं सोपं.

आता आक्काकडं येते, कारण आक्काशिवाय आप्पा म्हणजे अर्धं ताट. हे मी उगाच म्हणत नाही. आक्का आप्पांची थोरली बहीण. ती राहायची बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडं. गावातल्या गावातच दिलेली. त्यांचे वडील म्हणे चेष्टेनं सांगायचे, "पोरगी लांब दिलीया, पार रस्त्यापलीकडं." वरात निघाली की लगेच संपणार, म्हणून ती आधी शेजारच्या गावापर्यंत मिरवत नेली आणि मग परत आणली. तेव्हा रस्ता एका ट्रकापुरता होता, दोन्ही अंगाला झाडं. मग तो दुपदरी झाला, झाडं गेली. आता चौपदरी होत होता. "रस्ता रुंद होतोय तसं माझं सासर लांब जातंय," आक्का म्हणायची. "आनखी थोडं जगलो तर सांगलीत जाईन."

हो, 'जगलो'च. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी पलीकडून हाक आली, "तम्मा, मी आलो रे!" तेव्हा मी कुणी बाप्या येईल म्हणून दाराकडं बघत बसले, आणि टोपली घेऊन आली ही काटकुळी, नऊवारीतली, खणखणीत आवाजाची बाई. भावंडांची घरची बोली कानडी, आणि तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. धाकटा तम्मा तेव्हा पासष्टीच्या पुढचा होता.

आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक बेळगावकडं दिलेली. आक्काचाही नवरा गेलेला, मुलगा बंगळूरला. दोघंही आपापल्या घरात एकटे. आप्पांना भाकरी येत नव्हती. आक्काला भाकरी अशी यायची की तव्यावर टम्म फुगून बसायची, पण तिची आमटी म्हणजे हळदीचं पाणी. म्हणून दोघांनी संसार वाटून घेतला होता. आप्पा आमटी-भाजी करायचे, आक्का भाकऱ्या थापायची. दुपारी बाराच्या सुमाराला आक्का भाकऱ्यांची टोपली घेऊन रस्ता ओलांडून यायची, भावासोबत जेवायची, आणि रात्रीपुरती आमटी डब्यात घेऊन परत जायची. चूल तिकडं, पातेलं इकडं, मधनं महामार्ग. मी आल्यावर त्यात माझंही पान वाढलं. त्या घरात 'पुरे' म्हणायची सोय नव्हती. पुरेला ते 'साकु' म्हणायचे, आणि आक्काचा कायदा होता, "माझ्या भाकरीला साकु म्हनायचं न्हाय."

ओलांडायची नेहमी आक्काच. गुडघे दुखायचे तरी तीच. मला एकदा राग आला. म्हटलं, "आप्पा, तुम्ही धडधाकट, तुम्ही का नाही जात?" आप्पा म्हणाले, "मी गेलो तर रस्त्याकडं कोण बघनार?" मला वाटलं, झालं, पुरुषाची जात. बहिणीला राबवायचं आणि आपण खुर्चीत. मी दोन दिवस त्यांना सकाळची बातमी नुसती 'खडी' एवढीच सांगितली.

आणखी एक कोडं होतं. आप्पा पक्के लिंगायत, शंकराशिवाय दुसऱ्या देवाला फारसा हात न जोडणारे. पण गावात त्यांची ख्याती मोठा दत्तभक्त म्हणून. दर आठवड्याला आप्पा कोल्हापूरला मिसळ खायला जायचे. दारातून एस.टी.त बसायचे आणि येताना थेट घरी न येता पुढं नृसिंहवाडीला जायचे, दत्ताचं दर्शन घ्यायचे, कवठाची बर्फी घ्यायचे आणि मग परत फिरून घरी. मिसळ खाऊन दत्ताला जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गावातली म्हातारी माणसं त्यांच्या पाया पडायची.

काम शेवटाकडं आलं. रस्त्याच्या मधे दुभाजक उभा राहत होता आणि ये-जा करायला आम्ही जागोजाग फटी ठेवल्या होत्या. आप्पांच्या दारासमोरची फटही तशीच, कामापुरती. ती आता बुजणार होती. दोन्ही अंगाला लोखंडी कठडे बसणार होते. मग पलीकडं जायचं तर पेट्रोल पंपापर्यंत जाऊन वळून यायचं. गाडीला ठीक आहे. गुडघे धरून चालणाऱ्या म्हातारीला ते अंतर म्हणजे दुपारची संध्याकाळ.

सकाळच्या बातमीत हे मलाच सांगावं लागलं. 

आप्पा एवढंच म्हणाले, "मग भाकरी?"

मी हेल्मेटचा पट्टा नीट करत राहिले.

"भाकरी कुठनं यायची, पावणं?"

आणि ते उठून आत गेले. खुर्ची बाहेरच राहिली. त्या दिवशी रस्त्यावर सूनबाई होती, तरी आप्पा बाहेर आले नाहीत. संध्याकाळी दृष्टही काढली नाही. दुसऱ्या दिवशी आक्का आली, तेव्हा दोघं भावंडं कानडीत बराच वेळ कुजबुजत होती. मी गेले की थांबायची. मला वाटलं, रडतायत बिचारी. कसली रडतायत! कट शिजत होता.

"पावणं," आप्पा म्हणाले, "तुमचं मोठं सायेब पाहणीला येनार हायीत न्हवं? आमच्याकडं जेवायला बोलवा त्यास्नी."

"आप्पा, साहेबांकडून काही होणार नाही. नकाशा मंजूर झालाय."

"नकाशाचं कोन बोलतंय? पावणा दारात आला तर उपाशी धाडायचा व्हय? कोल्हापूर हाय हे."

मोठे साहेब आले. स्वभावानं चांगला माणूस, खाण्याचा शौकीन. कोल्हापूरकडचं आमंत्रण म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं तांबडा-पांढरा तरळत असणार. हात धुऊन पाटावर बसले, तर ताटात शेंगदाण्याची चटणी, भरलं वांगं, दही, कांदा आणि वाटीत वाफाळती आमटी. साहेबांचा चेहरा किंचित पडला, पण वासानं सावरला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "भाकरी?"

"येतीया," आप्पा म्हणाले. "आक्काकडनं येतीया. समोरच हाय घर. तुमच्याच जीपला धाडलंय, नियमानं."

नियमानं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. साहेबांचा ड्रायव्हर इकडचाच, उचगावचा, आप्पांनी त्याला आधीच आपलंसं केलेलं. रस्ता उद्या बंद झाल्यावर जसं जावं लागणार, तसंच जायचं. पंपापर्यंत जाऊन वळायचं, आक्काकडं जायचं, मग पलीकडच्या अंगानं तसंच पुढं जाऊन वळून यायचं.

बऱ्याच वेळानं जीप आली. ड्रायव्हरनं उतरून अदबीनं फडक्यात गुंडाळलेली भाकरी आणली. एक भाकरी.

"एकच?" साहेब म्हणाले.

"आक्का म्हनाली, पावण्यास्नी गरम गरम एकेक द्याय पायजे," ड्रायव्हर म्हणाला आणि दुसरी आणायला गेला.

साहेबांनी भाकरी खाल्ली. गार होती. मग ते वाट बघत बसले. आप्पा आग्रह करत होते, "आमटी घ्या की. वांगं घ्या. भाकरी येतीया." मी मान खाली घालून बसले होते. हसू आवरण्यासाठी मी कांदा एवढा खाल्ला की डोळ्यांतून पाणी आलं. समोरच्या उघड्या दारातून आक्काचं घर दिसत होतं, चुलीचा धूरसुद्धा दिसत होता. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. आणि साहेबांची स्वतःची जीप पंपाच्या दिशेनं नाहीशी होत होती.

दुसरी भाकरी आली. संपली. तिसरीच्या वेळी आमटीही गार झाली होती. साहेबांनी रिकाम्या ताटात बोट फिरवलं, दाराबाहेर पाहिलं, मग आप्पांकडं पाहिलं. "आप्पा, जेवायला बोलावलंय की शिक्षा द्यायला?"

आप्पा हात जोडून म्हणाले, "सायेब, रस्ता आमचा पावणा हाय. त्याला जागा दिली, झाडं दिली, अंगन दिलं. पावण्याला माजघर द्यावं. पन चूल आनि ताट ह्याच्या मधी पावणा बसला तर खायचं कसं, तुमीच सांगा."

 साहेब एकाएकी हसायलाच लागले. एवढं हसले की ठसका लागला. पण पाणी पिऊन त्यांनी मान हलवली. "फट ठेवता येणार नाही, आप्पा, आणि खालून बोगदाही नाही देता येणार. खरंच नाही. मंजूर नकाशात मी बोगदा घालू शकत नाही."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "सर, ओढ्याची मोरी राहिलीय अजून." घरापासून हाकेच्या अंतरावर एक ओढा होता, पावसाळ्यात चार दिवस वाहणारा. त्याच्यासाठी रस्त्याखालून पाइप टाकायचा होता. पाइपाऐवजी चौकोनी मोरी केली, माणूस उभा राहील एवढी, तर?

साहेब माझ्याकडं बघत राहिले. "कागदावर ती पाण्याचीच मोरी राहील."

"हो सर. पाणी असेल तेव्हा पाण्याची. नसेल तेव्हा आक्काची."

पुढं कागद कोल्हापुरातून वर गेले, खाली आले, पुन्हा गेले. पण मोरी झाली. बरोबर माणसाच्या उंचीची, खाली पक्का तळ, कडेला चालायला कट्टा. आप्पांची खुर्ची त्या दिवसांत मोरीपाशी असायची आणि त्यांचे सगळे चुकीचे सल्ले मोरीला मिळायचे.

एका दुपारी आक्का आणि मी मोरीचं काम बघत उभ्या होतो. मी म्हटलं, "आक्का, आता तुझा त्रास वाचला. भावानं तुझ्यासाठी केवढा खटाटोप केला बघ."

आक्का एवढ्या मोठ्यानं हसली की मजुरांनी माना वर केल्या. "माझ्यासाठी? खुळी काय गं तू? त्याच्यासाठी हाय हे. त्याला रस्ता वलांडता येत न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? भ्या वाटतंय त्याला. ल्हान हुता तवा शेळी घेऊन वलांडत हुता. ट्रक आला. शेळी गेली, दावं ह्याच्या हातात ऱ्हायलं. तवापासनं पाऊल टाकलं न्हाय बघ रस्त्यात. साळा ह्याच बाजूला, रान ह्याच बाजूला, चाललं. माझ्याकडं लग्नाला, मयताला आला तर जीपमधनं, डोळं गच्च मिटून."

मी तोंडात बोट घालून उभी. "आणि मग वाडी? दत्त?"

"कसला दत्त!" आक्का डोळे पुसत म्हणाली. "कोल्हापुरासनं येनारी यष्टी माझ्या बाजूला थांबतीया न्हवं? उतरला तर पलीकडं कसा जानार? मग वाडीपातुर जायाचं आनि तिकडनं येनारी यष्टी धरायची. ती त्याच्या दारात सोडतीया. यष्टी हितनं जाताना खिडकीतनं हात करतंय मला. माझ्या दारावरनं जातंय आनि मला हात करतंय, काय सांगू तुला. म्हनून तर मी रोज गेलो. दुसरं काय करनार?"

मला त्या खुर्चीचा उगाच राग आला होता. रस्त्याची पूजा करणारा, दृष्ट काढणारा, यंत्रांना नावं देणारा हा माणूस साठ वर्षं रस्त्याच्या काठावर बसून होता, कारण पलीकडं जाता येत नव्हतं. आणि गाव त्याच्या पाया पडत होतं!

मोरी झाली, कठडे बसले, फट बुजली. आणि आक्कानं पलीकडून कठड्याला धरून आरोळी ठोकली, "तम्मा! माझं गुडघं गेलं. आता भाकरी मी आनून देनार न्हाय. खायची असंल तर तू ये!"

गुडघे काही एका रात्रीत गेले नव्हते, हे मलाही कळत होतं आणि आप्पांनाही.

पहिल्या दिवशी आप्पांनी भात खाल्ला. दुसऱ्या दिवशीही भात. म्हणाले, "मोरीत अंधार हाय." मग म्हणाले, "वरनं एवढं ट्रक जात्यात, स्लॅब टिकंल काय?" मी म्हटलं, "आप्पा, तो स्लॅब मी बांधलाय." "म्हनून तर इचारलं." पुढच्या दिवशी म्हणाले, "तुमी त्यात गूळ घातलाईसा काय?" मी म्हटलं, "नाही." "मग टिकंल," आप्पा म्हणाले, पण उठले नाहीत. पलीकडं आक्का दारात बसून होती. हट्टी तीही काही कमी नव्हती. तिचा डबा आमटीवाचून रिकामाच होता.

मग एका दुपारी माझी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा पाहते तर आप्पा धुतलेलं धोतर नेसून, आमटीचं पातेलं फडक्यात बांधून मोरीच्या तोंडाशी उभे. मला म्हणाले, "पावणं, जरा बरोबर येतासा काय? पातेलं जड हाय."

पातेलं माझ्या हातात दिलंच नाही. उलट माझं मनगट असं घट्ट धरलं की बांगडी रुतली. आम्ही आत शिरलो. मधोमध आलो तेव्हा डोक्यावरून एक भरलेला उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला. आप्पा थांबले. आमटी पातेल्यात डुचमळली. मला वाटलं, आता मागं फिरतात.   आवाज लांब गेला, तसं आप्पा हळूच म्हणाले, "खाली ऱ्हाऊन ऐकलं तर एवढा न्हाय वाटत." आणि चालायला लागले.

पलीकडं उजेडात आलो. आक्का उठून उभी राहिली होती. तोंडानं 'ये' म्हणाली नाही, पदर तेवढा तोंडाला लावला. आप्पा तिच्या ओट्यावर चढले, पातेलं खाली ठेवलं आणि वळले. वळले आणि तसेच थांबले. समोर, चार पदरांच्या पलीकडं, त्यांचं स्वतःचं घर होतं. उरलेलं अंगण, खुर्ची, माझ्या माडीची खिडकी. जन्मभर ज्या घरातून बाहेर बघितलं, ते घर आज ते पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी पलीकडून बघत होते.

"आक्का," ते म्हणाले, "एवढंच अंतर हाय व्हय?"

"एवढंच."

आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग एकदम घाबरून म्हणाले, "आगं, दार सताड उघडं ऱ्हायलं की माझं! कडी लावायला इसरलो."

"ऱ्हाऊ दे. हितनं दिसतंय मला," आक्का म्हणाली. "तू कोल्हापूर-वाडी करत फिरत हुतास तवा कोन बघत हुतं वाटलं तुला?"